उदबत्तीच्या काड्या

पद्मजाला किळस म्हणून कधी यायची नाही. सारी नोकरी तिने ओहायोतल्या कोलंबसच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये काढली. परक्या माणसांची थुंकी, लघवी, पू, सगळं काचेच्या पट्टीवर पसरून निवांत पाहिलं, आणि हात धुऊन त्याच हातांनी पोळीभाजीचा डबा उघडला. बरोबरच्या गोऱ्या मुली नाकाला रुमाल लावायच्या, ही हसायची. म्हणायची, "अगं, माणूस आतून असाच असतो."

पण त्या शनिवारी सकाळी देवांगने गराजमधल्या टेबलावर पाचिंकोची, गोळ्यांच्या त्या जपानी खेळाच्या पेटीची, पाठ उघडली, आणि तिच्या पोटातलं सगळं गळ्याशी आलं.

आधी आला तो वास. बंद खोलीत कुजलेला, शिळा, तंबाखूचा. त्याच्यामागून उंदराच्या मुताचा, तिखट आणि गोडसर. तळाशी गाद्यांचा कापूस कुरतडून केलेलं घरटं होतं, त्यात काळ्या लेंड्या, आणि एक उंदराचं पिल्लू, वाळून पापडासारखं चपटं झालेलं. पोलादी गोळ्या नारिंगी गंजात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. आणि सगळ्यावर, काचेवर, पितळी खिळ्यांवर, लाकडावर, एक तपकिरी चिकटा. मधासारखा दिसायचा, बोट लावलं की बोटाबरोबर तार निघायची.

"शी! देवांग, झाक ते आधी."

"काकू, ही तर बरी आहे," देवांग हातमोजे चढवत म्हणाला. "मागच्या वेळी एकात झुरळांची अख्खी वसाहत निघाली. रेणूने मला दोन दिवस बेडरूममध्ये घेतलं नाही. म्हणाली, तुझ्या मशीनपाशीच झोप, तिलाच हाक मार."

देवांग दिवसा एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करी आणि शनिवार-रविवार जुन्या मशीन जिवंत करी. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रीताची आणि त्याची गाठ पडली होती. प्रीता म्हणजे पद्मजाची एकुलती लेक, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला चिपच्या कंपनीत. कोलंबसजवळच्या डब्लिनचं हे घर आता विकायचं आणि आईने आपल्याकडे यायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. बाकी सामान वाटून टाक म्हणाली, दान कर म्हणाली, फक्त बाबांची पाचिंको मला हवी. चालती हवी. तिच्या बालपणाच्या संध्याकाळी त्या खेळात होत्या: बेसमेंटमध्ये बाबांच्या मांडीवर बसून कळ दाबायची, गोळी वर उडायची, खिळ्यांवरून टपटपत, वाट चुकत, वाट शोधत खाली यायची, आणि मधल्या उमलत्या वाटीत पडली की घंटी वाजायची. श्रीरंगने, पद्मजाच्या नवऱ्याने, ती पेटी प्रीता जन्मायच्या आधी, इथल्या एका दुकानातून, जपानहून आलेला जुना माल म्हणून आणली होती. तो जाऊन आता सहा वर्षं होत होती.

"हा चिकटा कसला रे?" पद्मजाने पदर नाकाला लावून विचारलं. घातला होता पंजाबी ड्रेस, पण ओढणीला ती पदरच म्हणायची.

"निकोटिन. सगळ्या जुन्या मशीनवर असतं. जपानमध्ये लोक तासन्‌तास सिगरेट ओढत खेळायचे ना, तो सगळा धूर हिच्यावर. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांचे श्वास आहेत, काकू."

"श्वास कसले, थुंकी म्हण!" ती म्हणाली. पण मनात तिला जरा हलकं वाटलं. श्रीरंगही हेच सांगायचा. बेसमेंटमधून वर आला की त्याच्या शर्टाला हा वास असायचा, आणि ती नाक मुरडायची, तेव्हा तो बडीशेप चघळत हसायचा. "अगं, त्या पेटीचा वास. जपानी वास आहे, जाता जात नाही."

त्याने सिगरेट सोडली होती. प्रीता जन्मली त्या दिवशी, तिच्या इवल्याशा डोक्यावर हात ठेवून.

*

किचकट कामाला हत्यार लागतं, आणि या कामाचं हत्यार बाजारात मिळत नाही. ज्यांनी ती यंत्रं बनवली ते कारखाने कधीच बंद पडले. मग देवांगसारखी माणसं आपली हत्यारं आपणच घडवतात. त्याच्या पेटीत सगळं घरचं होतं. बॉलपेनची पितळी नळी कापून, तिच्यात लोकरी नमद्याचा तुकडा ठासून त्याने ती ड्रिलला जोडली होती. ती खिळ्यावर टोपीसारखी बसवायची आणि फिरवायची, की खिळा उजळतो. दुधाच्या प्लॅस्टिकच्या कॅनचे तुकडे कापून उलथणी केली होती. गंजक्या गोळ्या तांदळाबरोबर जुन्या मोज्यात भरून हलवायच्या, असा त्याचा बेत होता, आणि तांदूळ कुठले म्हणून तो काकूंच्या तोंडाकडे पाहत होता.

"बासमती मागशील तर मार खाशील," पद्मजा म्हणाली. "डब्यात किडका आहे तो ने."

अडलं ते खिळ्यांच्या मुळाशी. खिळे दाट, भाताच्या रोपांसारखे, आणि त्यांच्यामधली रंगीत पाटी नाजूक. धातू लावला तर ओरखडा, प्लॅस्टिक आत जाईना, दात कोरायची काडी पाण्याने मऊ पडून मोडे.

"बांबूचं काहीतरी पाहिजे," देवांग म्हणाला. "बारीक, पण चिवट."

पद्मजाने हात पुसले. मग वर गेली आणि देवघराखालच्या कपाटातून खोका घेऊन आली. उदबत्त्या होत्या. मोगरा, चंदन, केवडा. पुण्याहून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आणलेली पुडकी, एकही न फोडलेलं.

"एवढ्या? लावत नाही तुम्ही?"

"नाही लावत."

तिने त्या जुन्या पातेल्यात भिजत घातल्या. दुसऱ्या दिवशी वरचा लेप सुटला आणि पातेल्यात काळा, सुवासिक गाळ साचला. मोगरा आणि कोळसा, दोन्ही एकदम नाकात शिरले, तशी तिने पदर पुन्हा नाकाला लावला. गाळातून एकेक बांबूची काडी उपसली, धुतली, आणि भाजीच्या सुरीने टोक तासलं. काहींचं छिन्नीसारखं चपटं, काहींचं लेखणीसारखं तिरकं, काहींचं नुसतं ठेचून कुंचल्यासारखं, जशी बाभळीची दातवण. देवांगने एक काडी खिळ्यांमध्ये घालून पाहिली. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवलेलं टोक खिळ्याच्या मुळाला वळसा घालून आलं आणि येताना तपकिरी गोळा घेऊन आलं.

"काकू! तुम्ही पेटंट घ्या."

"तू तो गोळा आधी पूस. माझ्याकडे दाखवू नकोस."

पण तिने स्वतःही एक काडी उचलली. किळस वाटत होती, आणि हात थांबत नव्हता. काम म्हणजे कामच. ती तोंड फिरवून घासे, मग वळून पाही, मग पुन्हा तोंड फिरवी.

ज्या टेबलावर हे चाललं होतं, ते टेबल तिच्या फोडणीचं होतं. कोपऱ्यात विजेची शेगडी, फोडणीचं कढलं, मोहरीचा डबा. देवांगच्या लक्षात आलं तेव्हा त्याने सहज विचारलं, "थंडीत इथे येऊन फोडणी करता?"

"सवय झाली."

"रेणू पण म्हणते, घराला वास लागतो, रीसेल व्हॅल्यू जाते."

पद्मजाने नवी काडी उचलली. वासाची गोष्टच नव्हती ती.

श्रीरंगच्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले होते. स्मोकिंग? श्रीरंग म्हणाला, मुलगी झाली तेव्हा सोडलं. बाई म्हणाल्या, मग इतक्या वर्षांनी नवलच. घरात दुसरा काही धूर? आणि श्रीरंग हसून म्हणाला होता, "माय वाइफ. शी फ्राइज अ लॉट ऑफ स्पायसेस. अँड इन्सेन्स, एव्हरी डे." बाईंनी मान डोलावली, लिहून घेतलं. परतीच्या वाटेवर गाडीत तो तिचा हात थोपटत म्हणाला, "पद्मा, तुझी चूक थोडीच आहे. पण आता जरा फोडणी गराजमध्ये करशील?"

तिने त्या संध्याकाळी शेगडी गराजमध्ये नेली. देवापुढची उदबत्ती विझवली ती विझवलीच. ओहायोच्या हिवाळ्यात स्वेटरवर शाल पांघरून ती गराजमध्ये मोहरी तडतडवायची आणि आमटीचं पातेलं घेऊन बर्फासारख्या गार जमिनीवरून आत जायची. तो गेला, तरी तिने शेगडी आत आणली नाही. कुणाजवळ बोलली नाही. माहेरी इस्लामपूरला आई चुलीशी बसून म्हणायची ती ओवी तेवढी कधीमधी ओठांवर यायची:

चुलीचा गं धूर, जातो आकाश शोधीत
डोळ्यांतलं पाणी, राही पदराशी बोलत.

आईच्या धुराला आढं होतं, कौलाची फट होती, पुढे आकाश होतं. माझा धूर, तिला वाटायचं, कुठे गेला? तो नवऱ्याच्या छातीत जाऊन बसला. मी रोज, दोन वेळ, खोबरं-कोथिंबीर घालून त्याला मारत होते.

*

पुढच्या शनिवारी पुढची बाजू उजळली होती. खिळे सोन्याच्या पेरणीसारखे चमकत होते. आता पाठ राहिली होती, आणि पाठीत घाण जास्त. देवांगने आत हात घालून एक वस्तू काढली. रबरबँडने लाकडाला बांधलेली होती.

"हे बघा! काकांनी पण हत्यार केलं होतं."

तांब्याच्या पाइपचा तुकडा, टोकाला खिळ्याच्या मापाचं भोक, आणि मुठीला लाकडाची गुल्ली, बोटांच्या खाचा पाडून घासलेली. वाकडा खिळा त्या भोकात धरायचा आणि हवा तसा वळवायचा. श्रीरंग पुलांचा इंजिनिअर होता. घरात काही बिघडलं की आधी हत्यार करी, मग दुरुस्ती.

पद्मजाने ते हातात घेतलं. खाचांत तिची बोटं बसली नाहीत, खाचा मोठ्या होत्या. तेवढ्यात तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि तिला त्या घाणीचीही जराशी माया आली. कुणा जपानी माणसांची घाण. त्यांच्या बायका त्यांची वाट पाहत बसल्या असतील, आणि त्यांच्यामागून हा माझा माणूस, निरागस, खिळे वाकवत.

"काय सुंदर काम आहे," देवांग म्हणाला. "आणि इथे बघा, पन्हळ फुटली होती, ती पण त्यांनीच सांधली आहे. प्लॅस्टिकचं ठिगळ लावून, वर रिव्हेट. मी ठेवू हे तसंच?"

गोळ्या खाली उतरायची पन्हळ होती ती. तिच्या कुशीला हातभर नाही, चार बोटांची पट्टी जोडली होती. पट्टीवर बाकीच्यासारखाच चिकटा, जाड, एकसारखा, वरून ओघळून कडेला थेंब होऊन गोठलेला.

"ठेव," ती म्हणाली. "पण धुऊन ठेव. दे, मी करते."

तिने चपट्या टोकाची काडी घेतली, कोमट पाण्यात बुडवली आणि घासायला लागली. चिकटा निघेना. काडीवर गोळा झाला, कागदाला पुसला, पुन्हा घासलं. खालून जांभळा रंग दिसायला लागला. मग एक पांढरं अक्षर. मग आणखी एक. तिला वाटलं जपानी असेल. पण अक्षर इंग्रजी होतं, आणि त्याच्यापुढे आकडे होते, आणि ते आकडे वाचून तिचा हात जागीच थांबला.

दोन हजार पाच.

तिला ती पट्टी ओळखू आली. अशी ओळखू आली, की जणू कुणी नावाने हाक मारली. प्रीताच्या कॉलेजच्या पदवीदानाचा पार्किंगचा टॅग. गाडीच्या आरशाला अडकवायचा, जांभळा. त्या दिवशी श्रीरंगने चुकीच्या लॉटमध्ये गाडी लावली होती, सगळे घामाघूम धावले होते, आणि नंतर तो टॅग त्याने जपून ठेवला होता. तिने विचारलं होतं, कशाला? "प्लॅस्टिक चांगलं आहे," तो म्हणाला होता. "कशालाही होईल."

"देवांग."

"हं?"

"हा चिकटा जपानचा का?"

तो जवळ आला. पट्टीवरचा आकडा पाहिला. मग काडीवरचा गोळा पाहिला. मोबाईलचा दिवा लावून पन्हळीत डोकावला, आणि जरा जास्तच वेळ डोकावत राहिला.

"काकू, ते... कसंय, जुना थर उन्हाने वगैरे वितळून..."

"बेसमेंटमध्ये ऊन?"

त्याने मोबाईलचा दिवा विझवला.

"मी लॅबमध्ये होते रे. थरावर थर कसा बसतो ते मला शिकवू नकोस. पट्टी खाली आहे, घाण वर आहे. आधी कुठली आणि नंतर कुठली?"

"नंतरची घाण," देवांग हळूच म्हणाला. "आणि थोडीथोडकी नाही, काकू. एवढा थर बसायला वर्षं लागतात."

गराजच्या दाराखालून थंड वारा आत येत होता. पद्मजाच्या डोक्यात एकेक वस्तू आपापल्या जागी जाऊन बसत होती. बडीशेप. बेसमेंटच्या खिडकीतला पंखा, जो त्याने स्वतः बसवला, जमिनीतून विषारी वायू येतो म्हणाला. जपानी वास, जाता जात नाही. त्याने वास मारणारी पेटी घरात ठेवली होती, आणि तिच्या आडोशाने बसून वर्षानुवर्षं तो धूर सोडत होता. हेही तिने गिळलं असतं. व्यसन आहे, सुटत नाही माणसाला. इतकं तर तिने रोज काचेच्या पट्टीवर पाहिलं होतं.

पण डॉक्टरीणबाईंसमोरचं ते हसू? शी फ्राइज अ लॉट. गाडीत थोपटलेला हात? मरणाच्या दारात बसूनही त्याने स्वतःची घाण उचलून तिच्या कढल्यात टाकली, आणि वर म्हणाला, तुझी चूक थोडीच आहे.

काडीवरचा गोळा तिच्या अंगठ्यावर ओघळला होता. कोमट होता. तो परक्यांचा होता तोवर ओकारी येत होती, ती नुसती नाकाची. आता ती टाळूपासून टाचेपर्यंत आली. हा त्याच्या आतला होता, त्याच्या तोंडातून निघालेला. त्या तोंडाला तिने शेवटी चमच्याने पाणी पाजलं होतं. ती बादलीशी वाकली आणि खरंच ओकली.

"काकू! बसा, बसा तुम्ही. मी रेणूला बोलावतो."

"कुणाला नको." तिने तोंड पुसलं. "तुझ्या मोज्यातला तांदूळ बघ सांडतोय."

*

प्रीताचा व्हिडिओ कॉल रोजच्या वेळी आला. पद्मजाने फोन डब्याला टेकवून ठेवला, आणि हातातली काडी चालूच ठेवली.

"ओ माय गॉड, आई, खिळे बघ ना! सो शायनी!"

"प्रीता, बाबा खाली सिगरेट ओढत होते. तुझं कॉलेज झाल्यावरसुद्धा. शेवटपर्यंत असेल."

"व्हॉट? नो. आई, बाबा हॅड क्विट." मग जरा थांबून, लहान आवाजात, "बाबा सेड इट वॉज द कुकिंग."

"हो. तसं म्हणाला."

लेकीने फोन खाली ठेवला, पडद्यावर नुसतं छत दिसलं.

"आई... कॅन यू, सगळं नको ना क्लीन करू. आय मीन, थोडं ठेव. ते बाबांचं आहे ना."

"बाबांचं आहे म्हणूनच," पद्मजा म्हणाली, आणि पट्टीच्या शेवटच्या कोपऱ्यातला थेंब काडीच्या टोकाने उचलून कागदात गुंडाळला. "तुला पेटी मिळेल. घंटी वाजेल, गोळ्या पळतील. त्याने केलेलं हत्यार पण देते, ते चांगलं आहे. पण ही घाण तुझ्या घरी जायची नाही."

संध्याकाळपर्यंत तिने पाठ साफ केली. देवांगला हात लावू दिला नाही. वापरलेल्या सगळ्या काड्या, आतून तपकिरी झालेल्या, पिशवीत भरून बाहेरच्या कचऱ्यात टाकल्या. देवांगने पहिली गोळी सोडली. ती टपटपत, ठेचकाळत खाली आली आणि उमलत्या वाटीत पडली. घंटी वाजली. दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

मग तिने टेबलाच्या कोपऱ्यातली शेगडी बाजूला सारली, कढलं उचललं, मोहरीचा डबा काखेत मारला.

"चल. जेवून जा."

स्वयंपाकघरातल्या गॅसवर तिने कढलं ठेवलं. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग, कढीपत्ता, आणि मग सुक्या लाल मिरच्या; दोन पुरल्या असत्या, तिने मूठभर टाकल्या. धूर उठला, आढं शोधत, छताला जाऊन पसरला. देवांग खोकायला लागला, डोळे चोळत खिडकीकडे धावला.

"उघडू नकोस," ती म्हणाली.

छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. शेगडी गराजमध्ये गेल्यापासून पहिल्यांदा. तिने तो किंचाळू दिला, आणि चुरचुरती फोडणी आमटीवर ओतली. खोकत, नाक ओढत देवांग टेबलाशी बसला. तिने दोघांना भात वाढला, आमटी वाढली, तूप घातलं.

मग स्वतःचा हात नाकाशी नेला. साबणाने धुतला होता, लिंबाने चोळला होता, नखांत ब्रश फिरवला होता. अंगठ्याच्या पेरात अजून तो होता. जपानी वास, जाता जात नाही.

जन्मभर तिने आमटीभात हातानेच कालवला होता. तिने फडताळ उघडलं आणि चमचा घेतला.